ठिपके आणि रेषा

माझ्या टेबलाच्या खणांत एका पातळ चौकोनी फरशीचे दोन तुकडे गेलीं कित्येक वर्षें पडून आहेत. रंगानें ती फरशी करडी; पण जेथें ती तडकली त्या कडेला हिरवट झांक आहे. खोली आवरतांना हे तुकडे टाकून द्यावयास कोणी निघालें, म्हणजे मी ते पुन्हां खणांत ठेवून देतों. ‘यांत एवढें काय आहे?’ असा प्रश्न मला अनेकदां विचारण्यांत आला आहे आणि दर वेळीं मीं त्याचें उत्तर टाळलें आहे. तें उत्तर आज वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आलें. गोष्ट शास्त्रांतली आहे. परंतु तिच्यांत शास्त्रापेक्षां माणसाच्या मनाचाच भाग अधिक असल्यामुळें ती या मासिकांत अगदींच परकी वाटणार नाहीं अशी आशा आहे.

ही फरशी म्हणजे एक इंधनघट. इंजिनांत इंधन जळतें, ज्वालेपासून उष्णता मिळते, उष्णतेपासून गति आणि गतीपासून वीज. इंधनघटांत हा फेरा नाहीं. इंधन आणि हवा यांच्यामध्यें एक भिंत असते, आणि त्या भिंतींतून फक्त प्राणवायूचे विद्युद्भार घेतलेले कण, म्हणजे आयन, पलीकडे जाऊं शकतात. हवेच्या बाजूस प्राणवायु इलेक्ट्रॉन घेऊन आयन होतो, भिंत ओलांडतो, पलीकडे हायड्रोजनशीं संयोग पावून त्याची वाफ करतो आणि घेतलेले इलेक्ट्रॉन तेथें सोडून देतो. इलेक्ट्रॉनांना भिंतींतून वाट नसते. म्हणून ते बाहेरच्या तारेनें परत हवेच्या बाजूस येतात, आणि त्यांच्या या प्रवासालाच आपण वीज म्हणतों. भिंतीच्या दोन्ही अंगांस सच्छिद्र थर असतात, त्यांना विद्युदग्रें म्हणतात. इंधनाकडील थरांत निकेल असतें. ज्या घटांत मधली भिंत भाजलेल्या मातीच्या जातीच्या एखाद्या घन ऑक्साइडची असते त्यांस घन-ऑक्साइड इंधनघट असें नांव आहे. हें ऑक्साइड बहुधा झिर्कोनिया असतें आणि त्यांत थोडा यिट्रिया मिसळलेला असतो.

द्रव्य जुनेंच आहे. वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं त्याचा दिवा केला. थंड असतांना तें वीज वाहूं देत नाहीं. म्हणून तो दिवा लावण्यापूर्वीं आंतली कांडी तापवावी लागे. १९३७ सालीं झुरिच येथें बाउर आणि प्राइस यांनीं त्याच जातीच्या द्रव्याचे इंधनघट सुमारें १००० अंशांवर चालवून दाखविले. प्राणवायु या घन भिंतींतून जातो तरी कसा, याचा उलगडा कार्ल वाग्नर यानें १९४३ सालीं केला. यिट्रिया मिसळल्यामुळें स्फटिकाच्या रचनेंत प्राणवायूच्या कांहीं जागा रिकाम्या राहतात, आणि एका रिकाम्या जागेंतून दुसरींत उड्या घेत आयन पुढें सरकतात. म्हणजे दिवा आधीं पेटला, आणि त्याचें कारण शेहेचाळीस वर्षांनीं कळलें. वस्तु पुढें आणि विचार मागें, हा क्रम मीं एकदां विसरलों होतों.

त्या वेळीं मी संशोधक विद्यार्थी होतों. आमच्या प्रयोगशाळेचे दोन मजले होते. तळमजल्यावर भट्ट्या होत्या. तेथें घट तयार होत, भाजले जात, तपासले जात. वरच्या मजल्यावर संगणक होते. तेथें आम्ही कांहीं विद्यार्थी त्याच घटांच्या गणिती प्रतिकृति तयार करीत असूं. खालीं उष्मा, धूळ आणि घाम. वर गारवा, शांतता आणि चहा. खालच्यांना वरचे ऐदी वाटत आणि वरच्यांना खालचे अडाणी वाटत, हें सांगावयास नकोच. तळमजल्याचे खरे स्वामी म्हणजे एक वयस्कर तंत्रज्ञ. सारी प्रयोगशाळा त्यांना मामा म्हणे. तारुण्यांत ते चिनी मातीच्या भांड्यांच्या एका कारखान्यांत भट्टीवर कामाला होते. घट किती अंशांवर, किती वेळ आणि कोणत्या गतीनें तापवावा हें ते वही न उघडतां सांगत. आणि मागाहून वही उघडून पाहिली तरी त्यांत फरक सांपडत नसे.

प्रतिकृति हव्यात कशाला, असें वाचक विचारतील. घट सुमारें ८०० अंशांवर चालतो. तो पोलादी पेटींत बंद, आणि पेटी भट्टींत बंद. आंत डोकावण्यास खिडकी नाहीं. बाहेर येतात त्या दोन तारा. प्रवाह किती आणि विद्युद्दाब किती, एवढेंच त्या सांगतात. फार तर उष्णतामान मोजणाऱ्या थर्मोकपलाच्या चारदोन तारा आंत सोडतां येतात. परंतु भिंतीच्या कोणत्या भागांतून अधिक वीज वाहते, इंधन कोठें संपतें, कोणता कोपरा अधिक तापतो, हें दिसत नाहीं. तें पाहण्याचा डोळा म्हणजे गणित. घटाचे मनानें लक्षावधि बारीक खण पाडावयाचे. प्रत्येक खणांत वायु किती आला व किती गेला, विद्युद्भार किती आला व किती गेला, उष्णता किती उत्पन्न झाली व किती वाहून गेली, याचा जमाखर्च मांडावयाचा. आणि साऱ्या खणांचे जमाखर्च एकाच वेळीं जुळेपर्यंत संगणकाकडून आंकडेमोड करवून घ्यावयाची. हे जमाखर्च ज्या नियमांनीं मांडावयाचे ते पारखलेले आहेत. वायूंच्या विसरणाचा फिकचा नियम १८५५ चा. नेर्न्स्टचें विद्युद्दाबाचें समीकरण आणि उष्णतामानाबरोबर क्रियेचा वेग कसा वाढतो हें सांगणारें अऱ्हेनियसचें समीकरण, हीं दोन्ही १८८९ चीं. विद्युदग्रावरील क्रियेचें बटलर आणि फोल्मर यांचें समीकरण १९२४ ते १९३० च्या दरम्यान सिद्ध झालें.

नियम पारखलेले असले तरी त्यांत कांहीं गुणक असतात, आणि ते घटागणिक निराळे. विद्युदग्राच्या छिद्रांची वाट किती वांकडीतिकडी आहे? क्रिया किती तत्परतेनें होते? थर आणि त्यावर टेकलेली तारेची जाळी यांच्यामधील संपर्क किती रोध करतो? ग्रंथांत या गुणकांच्या किमती दिलेल्या असतात. परंतु एका ग्रंथांतील किमतीच्या दसपट, कधीं शतपट किंमत दुसऱ्या ग्रंथांत सांपडते. मग विद्यार्थी काय करतो? मोजलेले ठिपके आलेखावर मांडतो, आपल्या प्रतिकृतीची रेषा त्याच कागदावर काढतो, आणि रेषा ठिपक्यांवर बसेपर्यंत गुणक थोडे थोडे फिरवीत राहतो. सतारीच्या खुंट्या पिळण्याहून हें काम फारसें निराळें नाहीं; फरक इतकाच, कीं सतार जुळविणाऱ्याला खरा स्वर कोणता हें आधीं ठाऊक असतें.

माझी रेषा ठिपक्यांवर बसली तो दिवस मला आठवतो. हायड्रोजनवर चालणाऱ्या घटाचे अकरा ठिपके होते, आणि माळेंत मणी ओंवावे तसे ते अकराहि रेषेंत ओंवले गेले. आमच्या मार्गदर्शकांनीं कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला आणि ‘छान’ एवढेंच म्हटलें. त्यांच्या तोंडून हा शब्द मीं दोन वर्षांत दुसऱ्यांदांच ऐकला. तो आलेख मीं प्रबंधांत घातला, टेबलासमोरच्या भिंतीवर लावला, आणि खरें सांगावयाचें तर घरीं आईलाहि नेऊन दाखविला. ती तुळशीपुढें रांगोळी काढीत होती. आलेखाकडे पाहून तिनें विचारलें, “ठिपके कोणी दिले आणि रेघ कोणी काढली?” मीं म्हटलें, “ठिपके भट्टीनें दिले, रेघ मीं काढली.” “मग त्यांत अवघड तें काय?” ती म्हणाली. “त्याच ठिपक्यांवर मी तुला कमळ काढून देईन आणि कासवहि काढून देईन.” मी हंसलों. विद्वानानें अडाण्याला हंसावें तसा हंसलों.

पुढें आम्हांला घट हायड्रोजनऐवजीं मिथेनवर चालवून पाहावयाचा होता. हायड्रोजन मुद्दाम तयार करून आणावा लागतो. मिथेन हा नैसर्गिक वायूचा मुख्य भाग, आणि आपल्या गोबरगॅसमध्येंहि तोच मुख्य. या घटाची मोठी योग्यता अशी, कीं मिथेन आणि वाफ एकत्र आंत सोडलीं म्हणजे विद्युदग्रांतील निकेलच त्यांच्यापासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड करून घेतें. परंतु ही क्रिया उष्णता खाते. दर मोल मिथेनमागें सुमारें २०६ किलोज्यूल. त्यामुळें वायु जेथें आंत शिरतो तेथें घट गार पडतो आणि पुढें, वीज उत्पन्न होते तेथें, तो तापतो. एकाच फरशीचा एक भाग गार आणि शेजारचा तप्त झाला कीं गार भाग आकसूं पाहतो, तप्त भाग त्याला आकसूं देत नाहीं, आणि गार भागावर ताण बसतो. मातीच्या जातीचें द्रव्य दाब पुष्कळ सोसतें. ताण मात्र त्याला सोसत नाहीं.

मामांनीं मला विचारलें, “तोंडाशीं किती गार पडेल?” मीं प्रतिकृतीला विचारून सांगितलें, “वीस अंश. काळजी नको.” आरंभीं थोडाच मिथेन सोडून पाहिला. विद्युद्दाब माझ्या रेषेवर तंतोतंत आला. परंतु तोंडाजवळची थर्मोकपलाची तार साठ अंशांचा उतार दाखवूं लागली. मामा वरच्या मजल्यावर आले. ते सहसा वर येत नसत.

“अरे, तार साठ सांगते.”

“मामा, तार सरकली असेल. विद्युद्दाब बघा ना, कसा बरोबर आला आहे!”

ते कांहीं क्षण भिंतीवरच्या आलेखाकडे पाहत राहिले. “तार मीं स्वतः बसविली आहे,” एवढें बोलून ते खालीं गेले. आणि मीं तो एक आंकडा सोडून बाकीचे सारे प्रबंधांत उतरून घेतले. कोष्टकाखालीं बारीक अक्षरांत टीप दिली: एका तारेचें वाचन सदोष असल्यामुळें गाळलें आहे. यांतील ‘सदोष’ हा शब्द मीं कोणत्या आधारावर लिहिला, हें मला आजपर्यंत सांगतां आलेलें नाहीं. तार कोणी तपासली नव्हती. ती माझ्या रेषेवर बसत नव्हती, एवढाच तिचा दोष.

मिथेनचें प्रमाण वाढविल्यावर तिसऱ्या दिवशीं पहाटे विद्युद्दाब उतरूं लागला. मामांनीं इंधन बदललें, भार काढला, जें जें करण्यासारखें होतें तें सारें केलें. भट्टी निवण्यास एक दिवस गेला. पेटी उघडली तेव्हां घट तोंडापासून दोन बोटांवर आडवा दुभंगलेला होता. भेगेच्या कडेनें निकेलचा हिरवा ऑक्साइड झाला होता. भेगेंतून हवा पलीकडे शिरल्याची ती खूण. तो एक घट करण्यांत मामांचे कित्येक आठवडे गेले होते. ते कांहींच बोलले नाहींत. त्यांनीं थर्मोकपलाची तार चिमट्यानें धरून मला दाखविली. ती जेथें बसविली होती तेथेंच, तिळभरहि न सरकतां, चिकटून होती.

येथपर्यंतची चूक उतावळ्या तारुण्याची म्हणून कदाचित् क्षम्य ठरेल. खरी गोष्ट यापुढेंच आहे. त्या रात्रीं मी संगणकापुढें बसलों. मिथेनच्या क्रियेचा वेग मीं एका ग्रंथांतून उचलला होता, आणि तो निराळ्या घडणीच्या निकेलवर मोजलेला होता. तो वेग मीं दसपट केला. लगेच प्रतिकृतींत तोंडाशीं साठ अंशांचा खड्डा पडला, ताण तेथें एकवटला, आणि घट जेथें दुभंगला होता नेमका तोच पट्टा पडद्यावर तांबडा झाला. विद्युद्दाब किंचित् हालला. संपर्काचा रोध थोडा कमी करून मीं तो जाग्यावर आणला. दीड तासांत माझी प्रतिकृति भेगेसुद्धां सारें समजावून देऊं लागली. आतां प्रबंधांत घट तडकण्याच्या कारणमीमांसेचें एक नवें प्रकरण घालतां आलें असतें, आणि कोणालाहि शंका आली नसती.

तेथें मला भीति वाटली. जी प्रतिकृति चार दिवसांपूर्वीं घट सुरक्षित आहे असें सांगत होती, तीच एकदोन खुंट्या पिळतांच घट तडकणारच होता असें सांगूं लागली. आणि दोन्ही वेळां अकराहि ठिपके रेषेवरच होते. आईचें कमळ आणि कासव मला त्या रात्रीं आठवलीं.

असें कां व्हावें, याचें कारण कठीण नाहीं. बाहेरच्या तारांवर जो विद्युद्दाब मिळतो तो एका लांबलचक वजाबाकीची शेवटची बाकी असते. भार नसतांना घटाचा दाब सुमारें १.१ व्होल्ट. भार घातला कीं त्यांतून भिंतीचा रोध कांहीं खातो, क्रियेचा आळस कांहीं खातो, छिद्रांतून वायु पोहोंचण्याची अडचण कांहीं खाते, आणि उरलेले, समजा, ०.७ व्होल्ट आपल्या हातीं येतात. कोणी किती खाल्लें हें त्या बाकीवर लिहिलेलें नसतें. त्यांतून ८०० अंशांसारख्या उष्णतामानावर क्रियेचा आळसहि प्रवाहाच्या जवळजवळ समप्रमाणांत वाढतो; म्हणजे तो रोधाचें सोंग हुबेहूब घेतो. मग एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या माथीं मारला तरी बाकी बिघडत नाहीं. तोंडाशीं पडलेला गारवा तर त्या बाकींत पार बुडून जातो.

सकाळीं मीं दोन्ही आलेख तळमजल्यावर नेले आणि मामांना सारें सांगितलें. त्या ‘सदोष’ शब्दासुद्धां. त्यांनीं नवा आलेख निरखला, फुटका तुकडा शेजारीं धरून पाहिला. मग म्हणाले, “जुळतें खरें. पण हें चार दिवस आधीं सांगितलें असतेंस तर घट वांचला असता. भांडें भट्टींतून तडकून निघालें, कीं तें कां तडकलें हें कारखान्यांतला हमालहि सांगतो. तडकण्याआधीं सांगेल त्याला आम्ही भट्टीवाला म्हणत असूं.”

मीं प्रबंधांतली टीप खोडली आणि साठाचा आंकडा कोष्टकांत घातला. मार्गदर्शकांना हें सांगण्यास मला दोन दिवस लागले. प्रबंध एक वर्ष लांबला. त्या वर्षांत मीं नवी प्रतिकृति केली नाहीं; जुनीच्याच खुंट्या एकेक करून अशा आवळून टाकल्या, कीं त्या मला पुन्हां पिळतां येऊं नयेत. प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता बदलीत घट तपासला म्हणजे भिंतीचा रोध आणि क्रियेचा आळस निरनिराळे मोजतां येतात. त्या दोन खुंट्या गेल्या. मिथेनच्या क्रियेचा वेग आमच्याच निकेलवर मामांनीं मोजून दिला, तिसरी गेली. विद्युदग्राच्या अंतर्रचनेसंबंधीं तर अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील संशोधकांनीं २००६ सालींच वाट दाखविली होती. आयनांच्या झोतानें विद्युदग्राचे अति पातळ थर एकामागून एक खरवडीत आणि प्रत्येक थराचें सूक्ष्मदर्शकानें चित्र घेत त्यांनीं त्याची तिन्ही मितींतील रचना उभी केली. निकेल, झिर्कोनिया आणि छिद्र हीं तिन्ही जेथें एकत्र येतात त्या रेषेलगतच क्रिया होते. तिची लांबी पूर्वीं बहुतांशीं अंदाजानें धरीत, ती आतां मोजतां येऊं लागली. प्रत्येक मोजमापाबरोबर माझें स्वातंत्र्य कमी झालें आणि माझी रेषा ठिपक्यांपासून थोडी दूर सरकली. पूर्वीं ती अकरा ठिपक्यांतून जात होती. आतां ती त्यांच्या जवळून जाऊं लागली. दिसावयास ती पूर्वींइतकी सुंदर नव्हती, पण तिच्यांत माझा हात कमी होता.

मामांनीं एक अटहि घातली. नवा घट भट्टींत जाण्यापूर्वीं प्रतिकृतीचें भाकीत मीं एका वहींत शाईनें लिहावयाचें, खालीं तारीख घालावयाची, आणि वही त्यांच्या कपाटांत ठेवावयाची. घट बाहेर आला कीं समोरच्या पानावर मामा स्वतःच्या हातानें खरा आंकडा लिहीत. त्या वहीचीं पहिलीं कित्येक पानें माझ्या अभिमानाला पोषक नाहींत.

यावरून प्रतिकृति करूंच नयेत असें कोणी समजूं नये. जर्मनींतील यूलिख येथील संशोधनकेंद्रांत २००७ सालीं सुरू केलेला घटांचा एक लहानसा संच ७०० अंशांवर २०१९ पर्यंत, म्हणजे एक लक्षाहून अधिक तास, चालला. इतका काळ आणि इतका धीर किती जणांपाशीं असतो? निकेलचे कण एकत्र येऊन हळूहळू कसे जाड होतात, घट कसा थकत जातो, हें प्रत्येक नव्या घडणीसाठीं अकरा वर्षें थांबून पाहणें शक्य नाहीं. तेथें प्रतिकृतीवांचून गत्यंतर नाहीं. परंतु जें उत्तर ताडून पाहण्यास अकरा वर्षें लागावयाचीं, तें देतांनाच प्रतिकृति सर्वांत निर्धास्तपणें बोलते, हेंहि विसरतां कामा नये. तिला खोटें पाडणारा आंकडा अजून यावयाचा असतो.

माणसांविषयींहि आपण अशाच प्रतिकृति मनांत बाळगतों. स्नेह्याच्या चार कृतींवरून त्याच्या स्वभावाची रेषा काढतों, आणि पांचवी कृति त्या रेषेवर बसली नाहीं कीं ‘आज त्याचें चित्त ठिकाणावर नसेल’ असें म्हणून ती गाळून टाकतों. बहुधा तार सरकलेली नसते.

मामा आतां निवृत्त झाले आहेत. जातांना ती वही त्यांनीं माझ्या हवालीं केली. फरशीचे तुकडे मीं आधींच मागून घेतले होते. हल्लीं माझेच विद्यार्थी रेषा ठिपक्यांवर बसलेले आलेख घेऊन माझ्याकडे येतात. मी ‘छान’ म्हणतों आणि विचारतों, “कोणता ठिपका गाळला?” बहुतेक वेळां एकहि गाळलेला नसतो. पण कधींतरी एखादा विद्यार्थी उत्तर देण्यापूर्वीं क्षणभर थांबतो. अशा वेळीं आजवर मी विषय बदलीत आलों, कारण त्यापुढची गोष्ट माझीच सांगावी लागते. ती आज लिहून काढली आहे. पुढच्या वेळीं खण उघडून ते दोन तुकडे त्याच्या हातावर ठेवावे म्हणतों.